पुढचं तुझ्यासाठी नाही

"मागच्या वेळीही तुम्हीच आला होतात ना?" इस्त्रीवाल्या ताईंनी दारातच विचारलं.

मी हो म्हटलं. नाही म्हणून सुटका नव्हती. तीच पिशवी, तोच चष्मा, तीच मी. फक्त गुडघे तीन वर्षांनी म्हातारे झालेले.

"या मग. स्टुलावर बसा. त्या गठ्ठ्यावर नको, लॉजच्या चादरी आहेत."

गठ्ठ्यावर बसायचं माझ्या मनातही नव्हतं. मागच्या वेळी तिथे त्यांची मुलगी बसली होती, पाय हलवत. घरात आणि गल्लीत सगळे तिला बारकी म्हणायचे. आज माझ्या पिशवीत जो फॉर्म होता, त्याच्या पहिल्या ओळीत तिचं वय लिहिलेलं होतं, सोळा, आणि त्याच्यापुढे मृत्यूची तारीख.

खोली तशीच होती. मधोमध टेबल, त्यावर चौपदरी ब्लँकेट, छतातून लोंबणारी इस्त्रीची वायर, वाफेने भिंतीला आलेले पोपडे. ताई हातातलं काम थांबवत नव्हत्या. अभ्रा उलटायचा, पाण्याचा हबका मारायचा, इस्त्री फिरवायची. मला ते बरंच वाटलं. माणूस कामात असलं की प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही, आणि त्या दिवशी कोणी माझ्या तोंडाकडे बघू नये असंच मला वाटत होतं.

माझं काम सांगते. मी पाहणीची बाई. घरोघर जायचं, फॉर्म काढायचा, छापलेलं जसंच्या तसं वाचायचं आणि उत्तराच्या चौकटीत खूण करायची. बावीस वर्षं हेच केलं. गल्ल्यांमध्ये मला कागदवाल्या बाई म्हणतात, ऑफिसात थोरली. आमचा फॉर्म सात देशांत एकाच वेळी भरला जातो. भाषा सात, पण प्रश्न तेच आणि त्यांचे क्रमांकही तेच. बारा ते एकोणीस वयाच्या मुलींना त्यांच्या शरीराबद्दल, संबंधांबद्दल, दिवस राहू नयेत म्हणून काय करतात त्याबद्दल विचारायचं. पहिले चाळीस प्रश्न सरळ आहेत. घरात माणसं किती, शाळा कुठवर, पाळी कधी आली, कापड वापरतेस की पॅड. एक्केचाळिसाव्याला गाडी अडते. 'तुझे आजवर कोणाशी शरीरसंबंध आले आहेत का?' उत्तर हो असेल तर पुढचे एकवीस प्रश्न विचारायचे आणि शेवटी लग्न न झालेलीच्या हातात एक कार्ड द्यायचं. नाही असेल तर एक बाण थेट शेवटच्या ओळीवर जातो. तिथे फक्त आभार असतात.

आता जे सांगते ते आजवर आमच्या ऑफिसाबाहेर गेलेलं नाही. लग्न न झालेल्या मुलीला मी एक्केचाळिसावा प्रश्न विचारत नव्हते. 'नाही'वर मीच खूण करायचे, बाणावरून पेन फिरवायचे आणि आभार मानून उठायचे.

हे आळसापोटी नव्हतं, एवढं मात्र ऐकून घ्या. पहिल्या वर्षी मी सगळं विचारायचे, अगदी पोपटासारखं. एका घरी बाप पार्टिशनच्या पलीकडे दाढी करत होता. मी प्रश्न वाचला. मुलीने अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच तो गालांवर फेस तसाच घेऊन बाहेर आला आणि त्याने तिच्या कानाखाली वाजवली. प्रश्न मी विचारला होता आणि मार तिला बसला. ती पोर भिंतीला टेकून माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच जाऊन तिची चुगली केली होती. त्या दिवसापासून मी ठरवलं, पुन्हा कुठल्या पोरीवर आपल्यामुळे ही वेळ आणायची नाही.

मग त्याची सवय झाली, आणि सवयीचे फायदेही दिसायला लागले. मला कुठल्याच घरातून हाकलून देईनात. महिन्याच्या तक्त्यात माझ्या नावापुढे नकार शून्य. नव्या मुली कामाला लागल्या की साहेब म्हणायचे, "थोरलीबरोबर दोन दिवस फिरा. ती घर कसं सांभाळते ते नीट बघा." त्यांनी नीट बघितलं. अशा अकरा जणी माझ्या हाताखाली तयार झाल्या. मी तोंडाने एक अक्षर शिकवलं नाही, नुसतं करून दाखवलं.

"विचारा काय विचारायचंय ते," ताई म्हणाल्या. "चार वाजता मला चादरी पोचवायच्यात."

मृत्यूचा फॉर्म या फेरीत नव्यानेच आला होता. नगरपालिकेच्या नोंदवहीतून त्या वयाच्या मुलींची यादी काढली होती आणि त्यात माझ्या भागातलं हे एक घर निघालं होतं. यादी देताना साहेब म्हणाले होते, "घर तुझ्या ओळखीचं आहे, तूच जा." मी यादीतला घर क्रमांक वाचला, परत वाचला. पण तोंडाने म्हटलं, जाते.

आजारी किती दिवस होती? ताप होता का? शुद्धीत होती का? ताई एकेका शब्दात उत्तरं देत होत्या. गल्लीत त्यांनी काविळीने गेली असं सांगितलं होतं. मलाही आधी तेच सांगितलं. नववा प्रश्न होता, 'मृत्यूपूर्वी ती गरोदर होती का?' मी तो अजून वाचलाही नव्हता आणि माझं पेन आपोआप 'नाही'च्या चौकटीवर जाऊन टेकलं होतं. एक निळा ठिपकाही उमटला होता. मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

मग मी प्रश्न मोठ्याने वाचला. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

ताईंनी इस्त्री उभी केली. हात वर करून बटण बंद केलं, वायर काढली, ती नीट गुंडाळली आणि टेबलाच्या कडेवर ठेवली. एवढं सगळं झाल्यावर त्या बोलायला लागल्या.

"सोमवारी पोटात दुखतंय म्हणाली. मी गरम पाण्याची पिशवी दिली. मंगळवारी ताप. मला वाटलं, परीक्षा आलीय म्हणून सोंग करतेय. बोलले तिला, नको नको ते बोलले. बुधवारी तिला उठवायला गेले तर अंथरूण भिजलेलं. आदल्या दोन चादरी तिने स्वतःच धुऊन मागे वाळत टाकल्या होत्या, मला कळू नये म्हणून. मी दिवसाला शंभर चादरी हाताळते हो. माझ्या घरातली ओली चादर मला दिसली नाही."

मी लिहीत नव्हते. पेन हातात होतं एवढंच.

"डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, हिने कोणाकडून तरी पोट पाडायचा प्रयत्न केलाय, आत विषार पसरलाय. मी त्यांच्याशी भांडले. माझी मुलगी तसली नाही म्हणून भांडले. शेजारच्या खोलीत ती मरत होती आणि मी बाहेर भांडत होते."

"दिवस किती झाले होते, काही सांगितलं त्यांनी?" हाही छापील प्रश्नच होता.

"साडेतीन महिने. मी नंतर बोटांवर मोजलं. तुम्ही आला होतात ना, तेव्हा तिला दोन झालेले असणार."

बाहेर कोणीतरी कपडे घेऊन आलं. "नंतर या," ताई आतूनच म्हणाल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. परत येऊन त्या चादरींच्या गठ्ठ्यावरच बसल्या, बारकी बसली होती तिथे.

"एक विचारू? तुम्ही गेल्यावर ती तुमची वाट बघायची."

"माझी?"

"परत कोणीतरी येईल असं तुम्ही तिला म्हणाला होतात म्हणे. दोन आठवडे रोज शाळेतून धापा टाकत यायची. दप्तर खाली ठेवायच्या आधी पहिला प्रश्न, कागदवाल्या बाई येऊन गेल्या का? मी म्हणायचे, अगं, त्या काय तुझ्या मावशी लागून गेल्यात?"

ते वाक्य फॉर्मच्या शेवटी छापलेलंच असतं. 'आमच्यापैकी कोणी पुन्हा भेट देण्याची शक्यता आहे.' शंभरातल्या दहा घरी फेरतपासणी होते, म्हणून ते वाचायचं. बावीस वर्षांत मी ते हजारो वेळा वाचलं असेल, चपला घालता घालता. त्यावर विसंबून कोणी वाट बघेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या फेरीत हे घर फेरतपासणीत निघालं नव्हतं.

"तुमच्याशी ती काहीतरी बोललीच असणार," ताई म्हणाल्या. "मला तर तुम्ही बाहेर काढलं होतंत. म्हणजे तसंच काही असणार ना? कोण होता तो, कधीपासून, तिच्या मनाने की जबरदस्तीने... मला पोलिसात नाही जायचं. आता कोणाशी भांडायचंही नाही. पण माझी पोर मनातलं कोणाशी बोललीच असेल तर ती तुमच्याशी. तो कागद असेल ना तुमच्याकडे ठेवलेला? तेवढा मला वाचून दाखवाल?"

तिथेच सांगायला हवं होतं. "बघते," मी म्हटलं आणि पिशवी उचलली.

ऑफिसकडे चालत जाताना मला ती दुपार अक्षरन् अक्षर आठवली. न आठवायला काय झालं, मी ती तीन वर्षं दाबूनच ठेवली होती.

मी नेहमीप्रमाणे आईला पाणी मागितलं होतं, तेही उकळून गार केलेलं. आईला खोलीबाहेर काढायची ही माझी जुनी युक्ती. वेळ मिळाला म्हणून मी भराभर चाळीस प्रश्न उरकले. बारकी चुरूचुरू उत्तरं देत होती. एक्केचाळिसाव्यावर मी खूण केली आणि पान उलटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "बाई, तुम्ही एक गाळलात."

मी चमकले. फॉर्म माझ्या मांडीवर होता, तिच्या बाजूने उलटा.

"मला उलटं वाचता येतं," ती म्हणाली. "शाळेत मैत्रिणीत आणि माझ्यात एकच पुस्तक. ती माझ्या समोर बसते, मग मी उलटं वाचते." आणि हसली. पण ते हसू लगेच गेलं. ती पुढच्या पानाकडे बघत होती, जिथे एकवीस प्रश्न दाटीने बसलेले होते. "हे पुढे काय आहे?"

"ते लग्न झालेल्यांसाठी असतं."

"तसं कुठे लिहिलंय?"

"पुढचं तुझ्यासाठी नाही, बाळा."

तिने पाय हलवायचे थांबवले. दाराकडे बघितलं, बाहेर स्टोव्हवर पाणी ठेवल्याचा आवाज येत होता. मग अगदी हळू म्हणाली, "तरी विचारा ना."

मी तिच्या गालाला हात लावला. केवढ्या कौतुकाने लावला होता! मला वाटलं, चौकस पोर आहे, पुस्तकातलं सगळं आधीच वाचून काढणारी. की मला कळलं होतं? हे मी स्वतःला तेव्हापासून विचारतेय आणि छातीवर हात ठेवून उत्तर देता येत नाही. तेवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन आत आली. मी आभार मानले, परत कोणी येण्याची शक्यता आहे असं वाचलं आणि उठले.

मी तो प्रश्न वाचला असता तर ती हो म्हणाली असती, आणि हो म्हणाली असती तर मला तिला कार्ड द्यावंच लागलं असतं. कार्डावर आरोग्य केंद्राच्या मागच्या दरवाजाचा पत्ता होता. गुरुवारी तीन ते पाच, पाण्याच्या टाकीशेजारचं दार, आत एक अनुभवी नर्स. नाव विचारणार नाही, आईवडिलांना बोलावणार नाही, आणि दिवस गेलेले असतील तर पुढे कुठल्या डॉक्टरकडे सुखरूप जायचं तेही सांगणार. त्या दाराची पाटी कुठे लावलेली नव्हती. लावली असती तर लोकांनी दगड मारले असते, म्हणून ते दार कळायचा मार्ग एकच, आमचं कार्ड. बारकी माझी वाट बघत होती त्या दोन आठवड्यांत दोन गुरुवार येऊन गेले. ते दार तेव्हा उघडं होतं.

आता ते बंद आहे. तेही आम्हीच बंद केलं.

मागच्या फेरीचा निकाल सांगायला मुख्य कार्यालयातून मोठ्या मॅडम आल्या होत्या. पडद्यावर सात देशांचे सात खांब दाखवले. लग्नाआधी संबंध आलेल्या मुली, शंभरात इतक्या. कुठे अकरा, कुठे एकोणीस, कुठे तेवीस. आमच्या जागी खांबच नव्हता, नुसती जमीन. "शून्य?" मॅडमनी विचारलं. साहेब कॉलर ताठ करून म्हणाले, "आपल्याकडच्या मुली तशा नाहीत, मॅडम." आम्ही बारा जणींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. चहा-बिस्किटं झाली. वर्षभराने आरोग्य केंद्राला पत्र गेलं, की या भागात गरज आढळत नाही आणि गुरुवारी कोणी येतही नाही, सबब नर्सची नेमणूक दुसरीकडे करावी. येणार कोण? कार्डं आमच्या पिशव्यांत होती.

ऑफिसात पोचले ती सरळ मागच्या गोदामात गेले. जुने फॉर्म खोक्यांत बांधून ठेवलेले असतात, घर क्रमांकाप्रमाणे. मला अर्धा तास लागला. वरच्या फळीवर माझा कार्डांचा गठ्ठाही सापडला. रबर वितळून कागदाला चिकटलं होतं. दोनशे दिली होती, दोनशेच्या दोनशे होती.

"काय शोधतेयस?" साहेब दारात उभे होते.

मी फॉर्म दाखवला. त्यांनी घर क्रमांक बघितला, नंतर पान उलटून ती खूण आणि बाण बघितला. हातातला चष्मा त्यांनी पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पाऊण तासाचा फॉर्म तू वीस मिनिटांत उरकायचीस. घड्याळ मलाही कळतं, थोरले."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"नकार शून्य येत होते." त्यांनी चष्मा लावला. "मी तरी कुठे धुतल्या तांदळाचा आहे?"

"मी मोठ्या मॅडमना लिहून देणार आहे."

"अगं, वेडी आहेस का? सगळी फेरी रद्द करतील. तुझं एकटीचं असतं तर गोष्ट वेगळी. अकरा जणींच्या पोटावर पाय येईल. दोघी तर एकटीने घर चालवतात. आणि एवढं करून ती पोर परत येणार आहे का?"

"नाही येणार. पण साहेब, माझ्या भागात या घडीला तिच्या वयाच्या तीनशे मुली आहेत. त्यांच्यातल्या किती जणी माझी वाट बघतायत, हे मला माहीत नाही. विचारलंच नाही ना."

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. साहेब माणूस वाईट नाही. दोन वर्षांनी निवृत्त व्हायचंय आणि तोवर काही अंगावर यायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. माझंही बावीस वर्षं तेच म्हणणं होतं.

मी त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं. फार नव्हतं. 'पहिले वर्ष सोडल्यास अविवाहित मुलींना मी प्रश्न क्रमांक ४१ कधीही विचारला नाही. उत्तरे मी स्वतः भरली. इतर जणींनी माझे बघून तसेच केले, त्यांचा दोष धरू नये.' खाली पूर्ण नाव आणि तारीख. एक प्रत पेपरवेटखाली ठेवली. दुसरीवर तिकीट लावून मीच पोस्टाच्या पेटीत टाकली. साहेब खिडकीतून बघत होते, त्यांनी अडवलं नाही. बारकीचा फॉर्म मी पिशवीत घातला. फॉर्म ऑफिसाबाहेर नेणं हा गुन्हा आहे, असं प्रत्येक खोक्यावर छापलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई उंबऱ्यातच उभ्या होत्या. त्यांनी टेबल मोकळं करून ठेवलं होतं. ब्लँकेटवर एकही कपडा नव्हता. केस विंचरलेले, साडी घडीची. कोणी पाहुणं यायचं असावं तशी त्यांनी तयारी केली होती.

मी फॉर्म टेबलावर ठेवला. त्यांना वाचता येतं, पण बोट फिरवत, सावकाश. त्यांनी पानं उलटली. पहिल्या चाळीस उत्तरांवर त्या थोड्या हसल्या सुद्धा. 'घरात सगळ्यात जास्त वेळ कोणाबरोबर घालवतेस?' पुढे 'आई' लिहिलेलं होतं, त्यावर त्यांचं बोट थांबलं. मग ते एक्केचाळिसाव्यावर आलं, बाणावरून खाली घसरलं आणि कोऱ्या पानावर येऊन अडकलं.

"हे सगळं रिकामं का आहे?"

"मी विचारलं नाही."

"म्हणजे तिने सांगितलं नाही?"

"नाही, ताई. मी विचारलंच नाही. लग्न न झालेल्या मुलींना मी विचारत नव्हते. ही खूण माझ्या हातची आहे." आता थांबून चालणार नव्हतं. "ती म्हणाली होती, तरी विचारा ना. मी म्हटलं, पुढचं तुझ्यासाठी नाही. विचारलं असतं तर तिला एक कार्ड द्यायचं होतं. दवाखान्याचं. तिथे तिला कोणीतरी सांभाळून घेतलं असतं. ते कार्ड माझ्या पिशवीतच होतं."

मला वाटलं, आता या मला मारतील. मारावं असंच मला वाटत होतं. त्यांनी हाकलून दिलं असतं तरी मी कुठेतरी सुटले असते. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, दोन्ही तळवे टेबलावर टेकून, जशा त्या दिवसभर उभ्या असतात तशा.

"मला तिने नसतंच सांगितलं," त्या म्हणाल्या. "मी सोलून काढली असती, हे तिला पक्कं माहीत होतं. पण तुम्ही परक्या होतात हो. परक्या माणसाला सांगता येतं."

 

त्यांनी फॉर्म मिटला, आणि तेव्हा त्यांना पहिलं पान दिसलं. ते पान कोणी वाचत नाही. त्यावर संमती असते. खाली दोन सह्या होत्या. एक ताईंची, वाकडी, ओळ सोडून वर गेलेली. दुसरी बारकीची. तिने आडनावासकट सगळं नाव लिहिलं होतं, वळणदार, शाळेत फळ्यावर सुविचार लिहितात तसं, आणि खाली रेघ मारून रेघेखाली दोन टिंबं दिली होती. ताईंनी त्या टिंबांवर बोट ठेवलं.

"ही तिचीच. वहीवर पण अशीच करायची." मग म्हणाल्या, "वर काय लिहिलंय? बारीक आहे, मला लागत नाही."

मी चष्मा पुसला. आधी त्यांच्या सहीवरची ओळ वाचली. "माझ्या मुलीला या फॉर्ममधील सर्व प्रश्न विचारण्यास माझी परवानगी आहे."

"सर्व?"

"हो."

"म्हणजे मी हो म्हटलं होतं."

"हो."

"आणि तिच्या वरचं?"

मी वाचलं. "मला विचारल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देण्यास मी स्वखुशीने तयार आहे."

ताईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. त्या घरात त्यांना खुर्चीत बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. पदर मांडीवर सारखा केला, हात मांडीवर ठेवले, आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "परत वाचा."

मी परत वाचलं.